पहिल्या खुर्चीत कोण बसणार

केस कापणाऱ्या माणसाची एक मोठी पंचाईत असते. तो जगाचे केस कापतो, पण स्वतःचे त्याला कापता येत नाहीत. दाढी जमते, मिशी जमते, पण मानेमागची रेघ? दोन आरसे लावा नाहीतर चार लावा, हात नेमका उलट्या बाजूला जातो. म्हणजे दुसऱ्या कुणापुढे तरी मान खाली घालून बसावंच लागतं. आणि तो दुसरा कोण, हे ठरवताना या धंद्यातले लोक जावई शोधताना करतात त्याहून जास्त चौकश्या करतात.

तीन खुर्च्यांच्या त्या सलूनमध्ये मात्र हा प्रश्न कधी पडलाच नव्हता. दर तिसऱ्या आठवड्याला, सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी, शटर अर्ध्यावर यायचं. दारालगतच्या पहिल्या खुर्चीमागे वस्ताद चादर झटकून उभे राहायचे. आधी बसायचा दुसऱ्या खुर्चीवरचा डावरा, मग आठ वर्षांपूर्वी आलेला, तिसऱ्या खुर्चीवरचा गवई. म्हातारे मालक होते तोवर तेही बसायचे. सगळ्यांचं झालं की वस्ताद स्वतः बसायचे आणि डावरा त्यांचे केस कापायचा. आभारबिभार कुणी मानत नसे, उलट शिव्याच जास्त असायच्या. "वस्ताद, कान ठेवा, पुढेमागे चष्मा अडकवायचाय," असं डावरा म्हणायचा आणि वस्ताद त्याच्या टाळूवर कंगवा मारायचे. सव्वीस वर्षं हे असं चाललं होतं.

आणि गेल्या आठ महिन्यांत डावरा वस्तादांचे केस कापत होता, पण वस्तादांकडून कापून घ्यायला दोघांपैकी एकही बसला नव्हता.

पहिल्या वेळी डावऱ्याला सर्दी झाली होती. दुसऱ्या वेळी त्याला मेव्हण्याला आणायला स्टेशनवर जायचं होतं. गवयाने तर केस वाढवायचंच ठरवलं होतं. गाणाऱ्याला लांब केस शोभतात म्हणाला. वस्तादांनी ते खरं मानलं, कारण गवई तसाच होता, गिऱ्हाइकाच्या कानाशी गुणगुणत काम करणारा. आवाज फाटका, पण हौस दांडगी. मग एका सकाळी तो केस कापून हजर झाला. "सासुरवाडीला गेलो होतो, तिथल्या एकाने धरून कापले," म्हणाला. मोठ्या माणसाचे केस असे कुणी धरून कापत नाही. वस्तादांच्या मनात पाल चुकचुकली ती तेव्हा.

त्यांनी डावऱ्याच्या मानेकडे नीट पाहिलं. मानेमागची रेघ म्हणजे कारागिराची सही. डावऱ्याच्या मानेवर गवयाची सही होती. गवई रेघेच्या मध्यावर आला की गाण्यासाठी श्वास घेतो आणि तिथे त्याची रेघ जराशी वर उडते. आठ वर्षं वस्ताद त्याला त्यावरून बोलत आले होते. आणि गवयाच्या मानेवर डावऱ्याचा हात होता, तो तर त्यांनी झोपेतही ओळखला असता. एकोणीस वर्षांचा पोरगा डावखुरा निघाला, म्हणून त्याला शिकवण्यासाठी वस्ताद स्वतः महिनाभर डाव्या हाताने फुग्याला फेस लावून वस्तरा चालवायला शिकले होते. एकवीस फुगे फुटले होते.

म्हणजे दोघं एकमेकांचे केस कापत होते. कुठे आणि केव्हा, तेही कळलं. वस्ताद दुपारी जेवायला घरी जात, त्या पाऊण तासात, मागच्या सामानाच्या खोलीत. तिथल्या फरशीच्या फटीत डावऱ्याचे करडे केस अडकलेले होते, आणि त्या खोलीत गिऱ्हाईक कधी जात नसे. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच, असं वस्तादांच्या मनात आलं. एरवी या विनोदावर ते स्वतःच सगळ्यात आधी हसले असते.

याच आठ महिन्यांत दुकानात एक नवा शब्द शिरला होता. आदर. त्याआधी तो तिथे कुणी वापरल्याचं वस्तादांना आठवत नव्हतं. तो पत्रिकांवर असायचा, भाषणात असायचा. रोज एकमेकांच्या घामाचा वास घेणारी माणसं तो तोंडातून काढत नसत. आता मात्र उठताबसता तोच. गवई चहाचा पहिला कप त्यांच्यापुढे ठेवी आणि म्हणे, "आधी वस्ताद. आपल्याला आदर आहे." डावरा गिऱ्हाइकाला सांगे, "वस्तादांबद्दल आम्हाला फार आदर आहे," आणि वस्ताद तीन फुटांवर उभे असत. शिव्या बंद झाल्या होत्या. कान ठेवा असं म्हणणारं कुणी उरलं नव्हतं. इतक्या आदराने वागवलेला माणूस एक तर फार मोठा असतो किंवा फार आजारी, आणि वस्तादांना आपण मोठे झाल्याची काही खबर नव्हती.

त्यात मालकांच्या लेकीने भर घातली. आता दुकान तीच बघायची. लहानपणी खुर्चीच्या हातांवर फळी टाकून तिला बसवायचे आणि वस्तादच तिच्या कपाळावरचे केस कापायचे, त्यामुळे ती त्यांना काका म्हणायची. आठवड्याच्या सुरुवातीला ती आली आणि हसत म्हणाली, "काका, पुढच्या आठवड्यात नव्या खुर्च्या येतायत. पहिल्या खुर्चीवर डावऱ्याला घेऊ. तुमच्यासाठी दाराशी छान गादीची खुर्ची करते. तुम्ही फक्त बसायचं, आल्यागेल्याशी बोलायचं. आणि बाबांच्या फोटोशेजारी तुमचा फोटो लावायचा. खाली लिहू, आदरणीय वस्ताद."

"मी काही आजारी आहे का?"

"काहीतरीच काय, काका. आम्हाला सगळ्यांना तुमच्याबद्दल आदर आहे म्हणून. सुट्टीनंतर मी आले की काय ते सांगा मला."

वस्तादांनी कंगवे धुतले. मग धुतलेले कंगवे परत धुतले. बाटल्या उंचीप्रमाणे लावल्या, मग रंगाप्रमाणे लावल्या. त्रेसष्टाव्या वर्षी माणूस कात्री खाली ठेवतो यात जगावेगळं काही नाही, हे त्यांना कळत होतं. पण स्वतः ठेवणं वेगळं आणि कुणीतरी हसतहसत हातातून काढून घेणं वेगळं. आणि डावऱ्याने, ज्याच्यासाठी एकवीस फुगे फोडले त्या डावऱ्याने, सामानाच्या खोलीत लपून केस कापून घ्यावेत, हे काही केल्या गळ्याखाली उतरत नव्हतं.

त्या आठवड्यात त्यांच्या जिवाला स्वस्थता म्हणून नव्हती. घरी गेले की या खोलीतून त्या खोलीत. नळ उघडून बघायचे, बंद करायचे. काठोकाठ भरलेला ग्लास हातात धरून खिडकीपाशी उभे राहायचे आणि पाण्याकडे टक लावून बघायचे. पाणी कधी हलायचं, कधी नाही. हललं तर ते रस्त्यावरच्या ट्रकला दोष द्यायचे.

"बसा की एका जागी," बायको म्हणाली. "पायाला भिंगरी लागल्यासारखं काय करताय? आणि तो ग्लास तरी पिऊन टाका."

ते बसले आणि लगेच उठले. "आदर म्हणजे काय गं?"

"का? कुणी केला तुमचा?"

"सगळेच करतायत."

"मग काहीतरी बिघडलंय." तिने हातातली भाजी चिरायची थांबवली. "तुमच्या आईबद्दल मी कधी आदर बोलून दाखवला? तेरा वर्षं भांडले त्यांच्याशी. पण एक दिवस त्यांना चव विचारल्याशिवाय मीठ टाकलं नाही. आणि कोपऱ्यावरच्या त्या वकिलीणबाई आहेत ना, त्यांच्याशी मी अगदी आदराने बोलते. कारण त्यांच्याकडे मला परत जायचं नसतं."

वस्ताद हात पुढे करून म्हणाले, "हा थरथरतो का? खरं सांग."

"मला काय विचारता? मी बसते का तुमच्या वस्तऱ्याखाली? जे बसतात त्यांना विचारा." ती पुन्हा भाजी चिरू लागली.

वस्तऱ्याखाली बसणारे हल्ली फार नव्हतेच. बहुतेकांना मशीनने काम हवं असे. नेमाने दाढीला येणारा एकच, निवृत्त पोस्टमन. एक दिवसाआड सकाळी नऊला, वीस वर्षं. पोस्टमन हल्ली फार बोलका झाला होता. पूर्वी तोंडाला फेस लागला की घोरायचा, एकदा तर चहावाल्याने त्याला हलवून जागं केलं होतं. आता पंख्याकडे बघत भराभर बोलत राही. सुनेचं, गुडघ्याचं, पेन्शनच्या रांगेचं. म्हातारपणी माणूस बडबड्या होतो, असं वस्तादांनी धरून चाललं होतं. त्या आठवड्यात त्यांनी त्याला विचारलं, "काय हो, हात कसा चाललाय माझा?" पोस्टमन आरशातून पाहत म्हणाला, "तुमच्या हाताबद्दल आम्ही काय बोलणार, वस्ताद? आदर आहे आम्हाला." वस्तादांनी टॉवेल जरा जोरातच झटकला.

सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी शेवटचं गिऱ्हाईक गेलं. डावऱ्याने शटर अर्ध्यावर ओढलं. गवई झाडू शोधत मागे निघाला होता, तेवढ्यात वस्तादांनी चादर झटकली आणि ते पहिल्या खुर्चीमागे उभे राहिले.

"तिसरा आठवडा आहे," ते म्हणाले. "कोण बसतंय?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. आरशात तिघंही दिसत होते, त्यामुळे नजर चुकवायला जागा नव्हती. डावऱ्याने वस्तरा पुसायला घेतला, तो आधीच स्वच्छ होता. शेवटी गवयाने घसा साफ केला.

"वस्ताद, तुमच्याबद्दल आम्हाला आदर..."

"आदराला बसायला नाही सांगितलं. तुला सांगितलं."

चादर वस्तादांच्या हातात तशीच होती आणि तिचं टोक हलत होतं. या वेळी रस्त्यावर ट्रक नव्हता.

"मागच्या खोलीत कापता एकमेकांचे, ते माहीत आहे मला," वस्ताद म्हणाले. "याच्या मानेवर तुझा श्वास दिसतोय." ते डावऱ्याकडे वळले. "सव्वीस वर्षं मान दिलीस रे माझ्या हातात. मी काय केलं ते तरी सांग."

डावऱ्याने वस्तरा खाली ठेवला. तो जवळ आला, डोकं वळवलं आणि कानाची पाळी पुढे दुमडली. मागे एक पांढरा व्रण होता, पेराएवढा.

"हे तुमचं," तो म्हणाला. "आठ महिन्यांपूर्वीचं. टाका पडला असता, पण मी मान पुसायच्या निमित्ताने टॉवेल दाबून धरला. तुम्हाला कळलंही नाही. कात्री तुमची अजून तशीच आहे, वस्ताद. तशी आमच्यापैकी कुणाचीच चालत नाही. पण वस्तरा कानापाशी आला की हात अडकतो. एक झटका बसतो. दर वेळी नाही, पण बसतो."

"आणि गिऱ्हाइकं?"

डावऱ्याने गवयाकडे पाहिलं. गवईच बोलला. "तुरटी सारखी का संपते म्हणून तुम्ही परवा ओरडलात ना? तुम्ही हात धुवायला मागे गेलात की हा पोस्टमनच्या गालाला लावतो. ते म्हणतात, वस्तादला सांगू नका, त्यांना वाईट वाटेल."

वस्तादांना खाली बसावंसं वाटलं, पण जवळची एकच खुर्ची त्यांची स्वतःची होती आणि तिच्यात बसायची त्यांची हिंमत झाली नाही. ते आरशापर्यंत गेले आणि परत आले. पुन्हा गेले. मग त्यांचा आवाज चढला.

"म्हणजे आठ महिने तो म्हातारा रक्त काढून घेतोय आणि तुम्ही मला चहाचा पहिला कप देताय? वस्तरा अडकला तर तिथल्या तिथे सांगायचं, हे कुणी शिकवलं तुला?"

"तुम्ही."

"मग?"

"वस्तऱ्याबद्दल सांगता येतं, वस्ताद." डावरा म्हणाला. "तुमच्याबद्दल कसं सांगणार? याच हाताने शिकलो मी. वाटलं, सांगितलं तर तुम्ही दुकानात यायचंच बंद कराल. मग गोड बोलत राहिलो. मालकीणबाईंना खुर्चीचं मीच सुचवलं. वाटलं, असं मानाने सुटेल."

"गोड बोलत राहिलात." वस्ताद आता खरोखर चिडले होते, आणि चिडल्यामुळे आठ महिन्यांत पहिल्यांदा त्यांना बरंही वाटत होतं. "आठ महिने नुसता फेस लावत बसलात मला. फेसाने दाढी होते का रे? मला खोटं पाडलं असतंत तरी चाललं असतं. गिऱ्हाइकापुढे पाडलं असतंत तरी चाललं असतं. त्या म्हाताऱ्याच्या गळ्याशी माझा हात जातो, गाढवा. गळ्याशी."

गाढवा हा शब्द दुकानात फार दिवसांनी आला होता. डावऱ्याने डोळे पुसले, आणि न सांगता पहिल्या खुर्चीत जाऊन बसला.

"कापा," तो म्हणाला. "कात्रीने."

वस्तादांनी चादर त्याच्या गळ्याभोवती बांधली. कात्री चालू लागली आणि गवई भिंतीला टेकून बघत राहिला, कारण त्या कात्रीकडे बघत राहावं असंच तिचं काम होतं. करडे केस चादरीवरून घरंगळत होते. कानापाशी वस्तादांनी पाळी दोन बोटांनी दुमडली, तो व्रण पाहिला आणि त्याला वळसा घालून पुढे गेले. सगळं झालं. मानेमागची रेघ राहिली. सवयीने त्यांचा हात वस्तऱ्याकडे गेला, मुठीवर टेकला आणि तिथेच थांबला. डावऱ्याने आरशात ते पाहिलं. त्याने मान हलवली नाही. वस्ताद वस्तरा चालवणार असते तरी त्याने ती हलवली नसती, हे वस्तादांना कळलं, आणि त्यामुळेच त्यांनी हात मागे घेतला.

"ये इकडे," ते गवयाला म्हणाले. "रेघ तू ओढ. गाणं बंद ठेवून."

गवयाने श्वास रोखून रेघ ओढली. वस्ताद शेजारी उभे राहून "अंगठा खाली, अंगठा खाली" म्हणत होते. आठ वर्षांत पहिल्यांदा गवयाची रेघ मध्यावर उडाली नाही.

"कान ठेवलेत ना दोन्ही?" डावऱ्याने विचारलं.

वस्तादांनी त्याच्या टाळूवर कंगवा मारला.

सुट्टीनंतर मालकांची लेक सकाळीच आली. वस्तादांनी तिला उभ्याउभ्याच सांगून टाकलं. पहिली खुर्ची ते सोडणार नाहीत, पण यापुढे वस्तरा धरणार नाहीत. दाढी आणि रेघा डावऱ्याकडे. गादीची खुर्ची करायचीच तर वाट बघणाऱ्या गिऱ्हाइकांसाठी करावी. "आणि फोटो नको. तुझ्या बाबांशेजारी जायची मला एवढ्यात घाई नाही." ती हसली, मग डावऱ्याकडे बघून थांबली आणि बरं म्हणाली.

नऊ वाजता पोस्टमन आला आणि नेहमीप्रमाणे पहिल्या खुर्चीकडे वळला. वस्तादांनी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला.

"दाढीला तिकडे बसायचं. डावऱ्याकडे."

"छे छे. वीस वर्षं मी इथेच बसतोय, वस्ताद. तुमच्याबद्दल..."

"माझा हात वस्तऱ्याला चालत नाही आता." दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती, पण वस्तादांनी आवाज खाली केला नाही. "तुम्हाला माहीतच आहे. मलाच उशिरा कळलं. केसांना या माझ्याकडे."

पोस्टमनने त्यांच्याकडे पाहिलं, गालावरून हात फिरवला आणि दुसऱ्या खुर्चीत जाऊन बसला. डावऱ्याने फेस लावायला घेतला. पोस्टमनने पंख्याकडे बघत सुनेचं सुरू केलं, मग गुडघ्याचं. पेन्शनच्या रांगेपर्यंत आला आणि वाक्य अर्धवट राहिलं. खुर्चीच्या हातावर आवळून धरलेली त्याची मूठ सुटली. पापण्या खाली आल्या. डावऱ्याचा वस्तरा गळ्यापाशी पोचला तेव्हा तो घोरत होता.

वस्ताद कात्री हातात धरून बघत राहिले. आठ महिने हा माणूस त्यांच्या खुर्चीत डोळे उघडे ठेवून, मूठ आवळून बसला होता, आणि तरी एक दिवसाआड येतच होता. त्यांना वाईट वाटलं. तो झोपला याचं बरंही वाटलं, आणि दोन्ही एकदमच वाटलं. तिसऱ्या खुर्चीशी गवयाने नवी तान धरली होती. वस्तादांनी त्याच्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलं, आणि गवई गुणगुणायचा थांबला.